टाकीचा तळ खालून गंजू नये म्हणून: नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

पोलादी साठवण टाकीभोवती एक चक्कर मारली की उडालेला रंग दिसतो, जिन्यावरचा गंज दिसतो, नोझलखालचे तांबूस ओघळ दिसतात. जे दिसतं ते दुरुस्तीच्या यादीत जातं. तळपत्र्याची खालची बाजू मात्र उभारणीच्या दिवशी झाकली जाते आणि पुढे वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला पडत नाही. ३० मीटर व्यासाच्या टाकीचा तळ साधारण ७०० चौरस मीटर भरतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) ६५० या मानकानुसार या पत्र्याची जाडी, गंजासाठी धरलेली वाढीव जाडी वगळून, किमान ६ मिलिमीटर असायला हवी. म्हणजे वर हजारो टन माल आणि खाली बोटाच्या पेराहूनही कमी जाडीचा पत्रा.

तळाला पडलेलं भोक किती महागात जातं याचं एक उदाहरण २०१४ च्या जानेवारीतलं आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनजवळ एका टाकीच्या तळाला पडलेल्या दोन लहान भोकांतून रसायन एल्क नदीत गेलं आणि जवळपास ३ लाख लोकांना नळाचं पाणी वापरता येईना. तिथला गंज आतून लागलेला होता, खालून नव्हे. पण तळातून गेलेला माल आधी जमिनीत मुरतो आणि बोभाटा नंतर होतो, हे दोन्हीकडे सारखंच.

या कामात शिरताना एकच प्रश्न कायम डोक्यात ठेवा: पत्रा आणि त्याखालची वाळू यांच्यामध्ये, नेमक्या या जागी, आत्ता काय आहे? ओली वाळू चिकटलेली आहे, की मोकळी पोकळी आहे, की पाणी साचलंय? पुढचा प्रत्येक उपाय या उत्तरावर अवलंबून आहे.

पहिली पायरी: गंज कसा लागतो ते समजून घ्या

पाणी, प्राणवायू आणि क्षार एकत्र आले की लोखंड गंजतं, हे शाळेतच शिकवतात. टाकीखाली त्यात आणखी तीन भानगडी असतात.

एक म्हणजे हवेचा असमान पुरवठा. टाकीच्या कडेला हवा पोचते, मधोमध पोचत नाही. जिथे प्राणवायू कमी तो भाग अॅनोड होतो आणि तिथलं लोखंड विरघळतं. हाच खेळ लहान प्रमाणावर चिकणमातीच्या एका ढेकळाखालीही चालतो. आजूबाजूच्या वाळूतून हवा खेळते, ढेकूळ चिकटलेल्या जागी ती पोचत नाही, आणि नेमका तिथेच पत्र्याला खड्डा पडतो. वाळूत राहिलेला दगड, लाकडाचा तुकडा, वेल्डिंग रॉडचं थोटूक, सगळ्यांचा परिणाम तोच.

दुसरी म्हणजे मिल स्केल. कारखान्यातून आलेल्या नव्या पत्र्यावर जो निळसर-काळा थर असतो, तो लोखंडाच्या तुलनेत कॅथोड, म्हणजे न झिजणारी बाजू, ठरतो. तो जिथे तडकतो त्या उघड्या चिरेवर सगळा भार येतो.

तिसरी भानगड म्हणजे टाकीचा श्वास. टाकी भरली की तळ दबतो, रिकामी झाली की जागोजागी किंचित उचलला जातो. या हालचालीत कडेच्या फटीतून हवा आणि दमटपणा आत ओढला जातो. दर भरण्या-उपसण्याला ताजा प्राणवायू आत जातो, असं समजा.

आता एक हिशेब. १ अँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर सुमारे ९ किलो लोखंड विरघळतं. म्हणजे १ मिलिअँपिअरला वर्षाला ९ ग्रॅम. हा मिलिअँपिअर ७०० चौरस मीटरवर पसरला तर शंभर वर्षांतही काही जाणवणार नाही. तोच १ चौरस सेंटिमीटरच्या खड्ड्यावर एकवटला, तर ६ मिलिमीटर पत्रा पार करायला साडेचार-पाच ग्रॅमच लोखंड जायला हवं. सहा महिन्यांचं काम! म्हणून तळाच्या बाबतीत सरासरी गंज किती, या आकड्याने समाधान मानू नये. टाकी गळते ती सगळ्यात खोल खड्ड्यातून.

दुसरी पायरी: हातात काय आहे ते लिहून काढा

टाकी नवी बांधायची आहे की जुनी सांभाळायची आहे? पाया वाळूचा, काँक्रीटचा की बिटुमेन (डांबर) मिसळलेल्या वाळूचा? तळाखाली प्लास्टिकचं लायनर आहे का? तळ एकेरी की दुहेरी? माल गरम ठेवला जातो का? अर्थिंगची तार कशाची आहे? ही उत्तरं एका कागदावर आल्याशिवाय कुठलीही यंत्रणा मागवू नका. लायनरचं उत्तर तर खास महत्त्वाचं, कारण ते चुकलं की कॅथोडिक संरक्षणावरचा, म्हणजे वीजप्रवाह देऊन गंज रोखण्याच्या उपायावरचा, सगळा खर्च अक्षरशः मातीत जातो. ते कसं, हे चौथ्या पायरीत येईल.

तिसरी पायरी: पाया आणि वाळू

नवी टाकी असेल तर जीव इथे ओता. पत्रा अंथरल्यावर खालची वाळू बदलता येत नाही.

एपीआय ६५० च्या पायाविषयीच्या परिशिष्टात सुचवलेले आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. तळ भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ३०० मिलिमीटर उंच असावा. पत्र्याखाली ७५ ते १०० मिलिमीटर स्वच्छ वाळूची किंवा बारीक खडीची गादी असावी. मध्यभागी उंच आणि कडेला उतरता असा पाया करायचा तर उतार किमान १ ला १२० ठेवावा. पाया कालांतराने बसतो, म्हणून उंचीत कंजुषी करू नका. सुरुवातीला ३०० मिलिमीटर वर असलेली टाकी काही वर्षांनी डबक्यात बसलेली दिसणं काही दुर्मीळ नाही.

वाळू गोड्या पाण्याने धुतलेली, एकसारख्या कणांची हवी. माझा आग्रह साधी वाळूच वापरण्याचा आहे, खडीचा नाही. खडीचा प्रत्येक दगड पत्र्याला एका बिंदूवर टेकतो आणि त्या बिंदूभोवती पोकळी राहते. क्लोराइड, सल्फेट, पीएच आणि विद्युतरोधकता या चाचण्या प्रयोगशाळेतून करून घ्या. रोधकता पाण्याने भिजवलेल्या नमुन्यावर मोजायला सांगा. कोरडी वाळू नेहमीच छान आकडा देते आणि त्या आकड्याला काही अर्थ नसतो. ढोबळमानाने ५०० ओहम-सेंटिमीटरच्या खाली माती फार आक्रमक समजतात, २,००० ते १०,००० मध्ये सौम्य, आणि त्यापुढे धोका कमी कमी होत जातो. नमुना पहिल्याच गाडीतून घेऊन मोकळं होऊ नका. कंत्राटदार पहिली गाडी चांगलीच पाठवतो.

गादी तयार झाल्यापासून पत्रे अंथरेपर्यंतचा काळ नाजूक असतो. याच दिवसांत पाऊस पडतो, कुणीतरी चिखलाच्या बुटांनी चालतं, वेल्डर उरलेले रॉड टाकतात. गादी झाकून ठेवा आणि पत्रा पडण्याआधी शेवटची पाहणी स्वतः करा. टाकी पाणी भरून तपासताना ते पाणी गोडंच असावं आणि उपसताना टाकीच्या पायथ्याशी सोडलं जाऊ नये.

बिटुमेन मिसळलेल्या वाळूबद्दल मत विचाराल तर, नव्या टाकीला मी ती सुचवणार नाही. सुरुवातीला ती पाणी अडवते हे खरं. पुढे ती कडक होऊन तडकते, तड्यांत पाणी शिरतं आणि हाच थर कॅथोडिक संरक्षणाचा प्रवाहही अडवून धरतो. काँक्रीटचं वेगळं आहे. ते अल्कधर्मी असतं, त्यामुळे जिथे पत्रा त्याला घट्ट चिकटून आहे तिथे बचाव होतो. पण पत्रा काँक्रीटवर सगळीकडे घट्ट बसत नाही आणि मधल्या पोकळ्यांत शिरलेल्या पाण्याला जायला वाट नसते. काँक्रीटवर टाकी आहे म्हणून निर्धास्त असणारे बरेच भेटतात, त्यांना हे सांगावं लागतं.

पत्र्याच्या खालच्या बाजूला रंग द्यावा का? द्यायचा तर आधी ब्लास्टिंग करून (जोराने बारीक कण मारून) मिल स्केल पूर्ण काढा. मात्र तळाचे पत्रे एकमेकांवर चढवून वरून वेल्ड करतात आणि त्या उष्णतेने खालचा रंग जळतो. म्हणजे प्रत्येक जोडाखाली एक उघडी पट्टी राहतेच. नुसता रंग पुरेसा नाही. कॅथोडिक संरक्षणाच्या जोडीला दिला तर प्रवाह कमी लागतो, एवढा त्याचा फायदा धरा.

चौथी पायरी: कॅथोडिक संरक्षण

यामागची कल्पना जुनी आहे. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या अस्तराला लोखंडाचे तुकडे जोडून तांबं वाचवून दाखवलं होतं. आपण तेच करतो: टाकीच्या पोलादाला कॅथोड बनवतो आणि झिजण्याचं काम दुसऱ्या धातूकडे देतो. टाक्यांसाठीचे तपशील एपीआय ६५१ मध्ये आहेत.

दोन प्रकार. मॅग्नेशियम किंवा जस्ताचे अॅनोड जोडले तर ते स्वतः झिजत प्रवाह देतात. लहान टाकीला चालतं. मोठ्या टाकीला रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारं यंत्र) लावून बाहेरून प्रवाह द्यावा लागतो. उघड्या पोलादाला चौरस मीटरमागे साधारण १० ते २० मिलिअँपिअर धरतात, म्हणजे आपल्या ३० मीटर व्यासाच्या टाकीला ७ ते १४ अँपिअर.

आता लायनर. गळती जमिनीत जाऊ नये म्हणून तळाखाली जाड प्लास्टिकचं लायनर टाकतात. चांगली गोष्ट आहे, पण प्लास्टिकमधून वीज जात नाही. टाकीभोवती बाहेर पुरलेले अॅनोड लायनरच्या पलीकडच्या पत्र्याला काहीही देऊ शकत नाहीत. अशा टाकीत अॅनोड लायनर आणि तळ यांच्या मधल्या वाळूतच बसवावे लागतात. त्यासाठी मिश्र धातु-ऑक्साइडचा मुलामा दिलेल्या टायटॅनियम पट्ट्यांची जाळी वापरतात. पट्टी पत्र्याला कुठे टेकली तर शॉर्ट होतो आणि यंत्रणा निकामी होते. म्हणून वाळू भरताना मीटर लावून ठेवा, काम संपल्यावर नव्हे.

संरक्षण पुरेसं आहे की नाही, हे तांबं-कॉपर सल्फेट संदर्भ इलेक्ट्रोडने मोजतात. पत्र्याचं विभव (इलेक्ट्रोडच्या तुलनेतला विद्युतदाब) उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून ऋण हवं, नाहीतर ध्रुवीकरणामुळे, म्हणजे प्रवाहाने पत्र्याचं विभव सरकल्यामुळे, किमान १०० मिलिव्होल्टचा फरक पडलेला दिसायला हवा. नवशिक्यांच्या दोन चुका इथे ठरलेल्या. पहिली, प्रवाह चालू असतानाचाच आकडा खरा मानणं. त्यात मातीतल्या विद्युतदाबाची भर असते. प्रवाह क्षणभर तोडून लगेच वाचन घ्यायचं असतं. दुसरी चूक म्हणजे फक्त कडेला उभं राहून मोजणं. कडेला आकडे झकास येतात आणि मध्यभाग उपाशी असतो, असं सहज घडू शकतं. म्हणून पत्रे अंथरण्याआधीच मध्यावर आणि अधल्यामधल्या अंतरांवर कायमचे संदर्भ इलेक्ट्रोड पुरून ठेवा. शिवाय तळाखालून आडवी, भोकं असलेली प्लास्टिकची नळी टाका, म्हणजे पुरलेले इलेक्ट्रोड कालांतराने बिघडले तरी फिरता इलेक्ट्रोड आत सरकवून वाचन घेता येतं. मोजणी टाकी बऱ्यापैकी भरलेली असताना करा, तेव्हा पत्रा वाळूवर नीट टेकलेला असतो. वाचनासोबत मालाची पातळीही लिहा.

रेक्टिफायर जोडताना धन टोक अॅनोडला आणि ऋण टोक टाकीला. उलटं जोडलं तर टाकीच अॅनोड होते, आणि वर केलेला हिशेब आठवा: दर अँपिअरला वर्षाकाठी ९ किलो, तेही तुमच्या तळातून. जोडणी झाल्यावर विभव अधिक ऋण झालं की नाही हे पाहिल्याशिवाय जागा सोडू नका.

अर्थिंगसाठी उघडी तांब्याची तार टाकीला थेट जोडलेली असेल तर दुहेरी नुकसान आहे. संरक्षण बंद असेल तेव्हा तांब्यापायी पोलाद झिजतं. चालू असेल तेव्हा तांबं प्रवाह खाऊन टाकतं. जस्त किंवा गॅल्व्हनाइज्ड अर्थिंग हा त्यातला मार्ग. तांबं ठेवावंच लागलं तर मधे डिकपलर (संरक्षणाचा डीसी प्रवाह अडवणारं, पण अर्थिंगचं काम चालू ठेवणारं उपकरण) बसवतात. अर्थिंग कापून टाकणं हा मार्ग नव्हे.

आणि ज्वालाग्राही माल असेल तर, या टाकीला जोडलेला पाइप सोडवताना ठिणगी पडू शकते. आधी रेक्टिफायर बंद करा, दोन्ही टोकं जाड तारेने जोडा, मग नट सैल करा.

पाचवी पायरी: कड

टाकीच्या भिंतीबाहेर तळपत्र्याची ओठासारखी कड येते, तिला चाइम म्हणतात. भिंतीवरून ओघळणारं पावसाचं पाणी या कडेवर येतं, वळसा घालून पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटतं आणि आत सरकतं. स्वस्तात सर्वाधिक फायदा कुठे, असं विचाराल तर तो इथे आहे.

कड आणि पाया यांच्यातली फट लवचीक सीलंटने बंद करा. सिमेंटच्या गिलाव्याने नको. टाकी श्वास घेते, गिलावा तडकतो, आणि मग तोच पाणी धरून ठेवतो. सीलंट लावण्याआधी गंज खरवडून पृष्ठभाग कोरडा करा, नाहीतर पहिल्या मोसमातच सुटतो. पायाचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता हवा. गळती दाखवणाऱ्या नळ्यांची तोंडं मात्र सीलंटच्या उत्साहात बुजवू नका. उष्णतारोधक आवरण असलेल्या टाकीत आवरणाची खालची कड चाइमला टेकलेली नसावी, कारण ती ओल्या फडक्यासारखं पाणी धरते. भोवतालची माती, गवत, कचरा कडेपर्यंत चढला असेल तर फावडं घ्या. यासाठी कुठलाही तज्ज्ञ लागत नाही.

सहावी पायरी: पोकळीसाठी बाष्प

कॅथोडिक संरक्षणाला पत्रा आणि ओली वाळू यांचा संपर्क लागतो. पत्रा उचलला गेला आणि मधे हवा आली की प्रवाह तिथे पोचतच नाही, मात्र दमट हवेत गंज चालूच राहतो. ही उणीव भरायला बाष्परूप गंजरोधक वापरतात. बहुतेक अमाइन-आधारित असलेली ही रसायनं हळूहळू बाष्प होतात, पोकळीत पसरतात आणि उघड्या पोलादावर पातळ थर धरतात. तळाखालच्या भोकं असलेल्या नळ्यांतून, भुकटी किंवा द्रावण म्हणून ती आत सोडतात. एपीआयचा तांत्रिक अहवाल ६५५ याच विषयावर आहे.

कड उघडी असेल तर बाष्प उडून जातं, म्हणून पाचवी पायरी आधी. रसायन कालांतराने संपतं, पुन्हा भरावं लागतं. आणि हे कॅथोडिक संरक्षण काढून टाकण्याचं निमित्त नव्हे. टेकलेल्या भागात प्रवाह, उचललेल्या भागात बाष्प, अशी ही वाटणी आहे. बिटुमेन किंवा काँक्रीटच्या पायावर, जिथे प्रवाह नीट पोचत नाही, तिथे मात्र बाष्पावरच जास्त भिस्त ठेवावी लागते.

सातवी पायरी: मोजत राहा

रेक्टिफायरचा व्होल्ट आणि अँपिअर दर दोन महिन्यांच्या आत एकदा लिहा, विभवाची पूर्ण मोजणी वर्षातून एकदा. तळाखाली विद्युतरोध-आधारित गंजमापक प्रोब बसवले असतील तर गंजाचा वेग चालू टाकीतही कळतो.

टाकी रिकामी करून उघडली की तळाचं चुंबकीय स्कॅनिंग करतात. चुंबकित पत्र्यातून जिथे क्षेत्र बाहेर गळतं तिथे जाडी कमी, असा हा तर्क. संशयाच्या जागा मग अल्ट्रासॉनिकने (ध्वनिलहरींनी जाडी मोजून) पक्क्या करतात. स्कॅनरची गाडी भिंतीच्या अगदी जवळ आणि वेल्डच्या जोडांवर नीट चालत नाही. भिंतीच्या आतल्या कडेपासूनचा ७५ मिलिमीटरचा पट्टा तर एपीआय ६५३ या टाकी-तपासणीच्या मानकानुसार कळीचा भाग असतो आणि बाहेरचं पाणीही आधी तिथेच पोचतं. तिथे हातानेच अल्ट्रासॉनिक लावायला सांगा.

आकडे आले की हिशेब करा. पुढच्या तपासणीच्या दिवशी तळाखाली गळती ओळखण्याची आणि अडवण्याची सोय नसेल तर किमान २.५४ मिलिमीटर पत्रा शिल्लक असला पाहिजे. तशी सोय असेल तर १.२७. समजा ६.३५ मिलिमीटरच्या पत्र्याचा खालून सगळ्यात खोल खड्डा दहा वर्षांत २ मिलिमीटर झाला. वेग वर्षाला ०.२, शिल्लक ४.३५. ती २.५४ वर यायला साधारण ९ वर्षं. आतूनही गंज लागत असेल तर तोही वेग यात मिळवायचा, मग वर्षं भराभर कमी होतात.

जुना तळ फारच गेला असेल तर त्याच्याच वर नवा तळ घालतात. दोन्ही तळ भिंतीमार्फत विजेने जोडलेले असतात, मधल्या वाळूत ओल असते, आणि जुना गंजलेला पत्रा कॅथोड ठरून नव्या चकचकीत पत्र्याला खाऊ लागतो. नवा तळ जुन्यापेक्षा लवकर जाण्याचं हे कारण. दोघांच्या मधे जुन्या पत्र्यावर प्लास्टिकचं लायनर अंथरा, वर धुतलेली वाळू, तिच्यात अॅनोडची जाळी, मग नवा तळ.

गळती दाखवणाऱ्या नळ्यांखाली एक स्वच्छ भांडं ठेवा आणि फेरीच्या वेळी त्यात वाकून पाहा. पावसानंतर दोन दिवस स्वच्छ पाणी आलं तर कडेचं सीलंट तपासा. पाऊस नसताना तांबूस पाणी येत असेल तर त्याचा नमुना क्लोराइड आणि पीएचसाठी पाठवा. मालाचा वास आला किंवा तेलाचा तवंग दिसला, तर भरणं त्याच क्षणी थांबवा, वरिष्ठांना कळवा आणि टाकी रिकामी करण्याची तयारी सुरू करा.